विंडोज ‘टाकून’ दिलं, पण सोबत काय आलं?

सांगलीत मार्केट यार्डातल्या पेढीपासून विश्रामबागेतल्या क्लासपर्यंत, फॉरमॅट होऊन आलेल्या कॉम्प्युटरात विंडोज ‘ॲक्टिव्हेट’ असतंच. कसं, ते कुणी विचारत नाही.

बहुतेकदा केएमएसचा (मायक्रोसॉफ्टच्या ‘की मॅनेजमेंट सर्व्हिस’चा) गैरवापर झालेला असतो. ही सोय मोठ्या संस्थांसाठी: त्यांचा स्वतःचा सर्व्हर प्रत्येक मशिनला १८० दिवसांचा परवाना देतो आणि मशिन दर ७ दिवसांनी मुदत वाढवून घेतं. ॲक्टिव्हेटर, म्हणजे परवान्याविना विंडोज ‘ॲक्टिव्हेट’ करणारा बेकायदा प्रोग्रॅम, तसाच खोटा सर्व्हर तुमच्याच मशिनवर उभा करतो किंवा बाहेरच्या अनोळखी सर्व्हरकडे बोट दाखवतो. मुदत संपू नये म्हणून टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत) ॲडमिन अधिकारांचं काम लावून ठेवतो.

खरी गोम ॲक्टिव्हेटर चालवण्याआधीच्या सूचनेत आहे: ‘अँटीव्हायरस बंद करा’. त्याच्या झिप फाइलला पासवर्ड असतो तोही स्कॅनरला आत डोकावता येऊ नये म्हणूनच. २०२१मध्ये केएमएसपिको या ॲक्टिव्हेटरच्या नावाखाली क्रिप्टबॉट हा माहिती चोरणारा प्रोग्रॅम पसरवला गेला. असले चोर ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) उचलतात. कुकी गेली की लॉगिन झालेलं ईमेल ओटीपी न विचारता दुसरीकडे उघडतं. क्रॅकसोबत येणारं स्टॉप-डेजाव्हू हे खंडणी मागणारं रॅन्समवेअर तर फायलीच कुलूपबंद करतं. टॅलीचा बॅकअप त्याच मशिनच्या डी ड्राइव्हवर असेल तर तोही गेला. (यार्डात बहुतेकांचा तिथंच असतो.)

तपासायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत ‘एसएलएमजीआर’, एक जागा सोडून ‘/डीएलव्ही’ टाका. घरच्या किंवा दुकानाच्या मशिनवर ‘केएमएस क्लायंट’ दिसलं की ॲक्टिव्हेटर वापरलाय असं समजा. मग डिफेंडरमधली (विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसमधली) ‘एक्सक्लूजन’, म्हणजे तपासणीतून वगळलेल्यांची यादी बघा. तिथं तुम्ही न टाकलेला फोल्डर असेल तर नुसतं ॲक्टिव्हेटर काढून भागत नाही. डिफेंडर त्या फोल्डरकडे बघतच नव्हता, आत काय काय आलं कोण सांगणार? फक्त कागदपत्रं आणि टॅलीचा डेटा बाहेर घ्या, एकही ईएक्सई (प्रोग्रॅमची फाइल) नको. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबी पेनड्राइव्ह बनवून कोरं विंडोज टाका. पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशिनवरून बदला आणि सगळीकडून लॉगआउट करा.

गंमत म्हणजे अनेक लॅपटॉपना हे सोंग लागतच नाही. विंडोजसकट घेतलेल्या लॅपटॉपची की (परवान्याचा क्रमांक) मदरबोर्डातच असते. पण मूळ विंडोजची होम आवृत्ती असताना कुणीतरी प्रो आवृत्ती टाकतं, ते ॲक्टिव्हेट होत नाही, मग येतो ॲक्टिव्हेटर. होमच टाका, इंटरनेट जोडा, आपोआप होतं. की नसलेल्या जुन्या मशिनवर कोपऱ्यात वॉटरमार्क राहतो, वॉलपेपर बदलता येत नाही, पण बिलं निघतात. तरी परवाना लागतोच: कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी खाली जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरली तर किमान ७ दिवस, कमाल ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. ऑफिससाठी लिबरऑफिस फुकट मिळतं.