पंचांचे मानधन आणि सामन्यांचे वेळापत्रक

मे महिन्यात मुंबईत बास्केटबॉल स्पर्धांची रीघ लागते. शाळा-कॉलेजांना सुट्टी असते आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाऊस येणार हे सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे, नागपाड्यापासून माटुंग्यापर्यंत उघड्या कोर्टवर जे काही खेळवायचे ते त्याआधी उरकण्याची घाई असते. या घाईत खेळाडूंच्या सोयीचा विचार थोडाफार होतो, पंचांच्या सोयीचा मात्र जवळजवळ होतच नाही, आणि त्याचे मूळ मला मानधनाच्या पद्धतीत दिसते.

मानधन सामन्यागणिक मिळते. दहा मिनिटांचे चार क्वार्टर म्हणजे घड्याळावरची 40 मिनिटे. परंतु फाऊल, टाइम-आउट आणि मध्यंतर धरून एक सामना सहज दीड तास घेतो. पंचाला पहिला सामना सकाळी आठचा आणि दुसरा संध्याकाळी सहाचा दिला, तर मधल्या सगळ्या वेळेचा आयोजकाला एक पैसाही पडत नाही, म्हणूनच असे वेळापत्रक आखताना त्याचा हात अडखळत नाही. त्यातून रविवार असेल तर लोकलचा मेगाब्लॉक असतो, त्यामुळे डोंबिवलीहून किंवा पनवेलहून आलेला पंच मधल्या वेळेत घरी जाऊन येण्याचा विचारही करू शकत नाही.

याच्या उलट प्रकार म्हणजे एकाच पंचाला सलग चार-पाच सामने देणे. दोन पंचांच्या सामन्यात चेंडूचा ताबा बदलला की मागे असलेल्या पंचाने धावत पुढची बेसलाइन, म्हणजे कोर्टच्या टोकाची रेषा, गाठायची असते. ब्लॉक की चार्ज, म्हणजे धडकेत चूक बचावपटूची की चेंडू घेऊन येणाऱ्या आक्रमकाची, हा निर्णय द्यायचा तर धडक होण्याआधी बचावपटू योग्य जागी उभा होता का, हे योग्य कोनातून दिसावे लागते. भर दुपारी सिमेंटच्या कोर्टची धग बुटांच्या तळव्यातून वर येत असताना, चौथ्या सामन्यात तो पंच मध्यरेषेच्या थोडा पुढे येऊन थांबतो आणि खेळाडूंच्या पाठी पाहून शिट्टी वाजवतो. मग प्रशिक्षक ओरडतात, पालक ओरडतात, आणि तो सामना त्याला कोणी लावला हे कोणीही विचारत नाही.

टेबलावर बसून गुण आणि घड्याळ सांभाळणाऱ्यांची अवस्था याहून वाईट आहे. हे काम बहुधा नवख्या मुलामुलींकडे येते आणि त्याचे पैसे सर्वांत कमी असतात. वास्तविक चेंडू रिंगला लागून पुन्हा आक्रमक संघाकडेच आला तर शॉट क्लॉक, म्हणजे बास्केटकडे चेंडू टाकायला उरलेले सेकंद दाखवणारे घड्याळ, 24 वर नव्हे, 14 वर आणायचे असते, आणि ते क्षणात करावे लागते.

आयोजकांच्या अडचणी मला मान्य आहेत. बहुतेक मंडळे वर्गणीवर आणि एखाद्या प्रायोजकावर चालतात. तरीही मंडपवाल्याचे आणि करंडकवाल्याचे पैसे आगाऊ दिले जातात आणि पंचांना मात्र ‘फायनल झाली की बघू’ असे सांगितले जाते, हे मला पटत नाही. उपनगरातल्या एका स्पर्धेचे आमचे पैसे पावसाळा सरत आला तेव्हा हाती पडले, तेही ठरल्यापेक्षा कमी.

माझ्या मते मानधन सामन्यावर न ठरवता सत्रावर ठरवावे. सकाळचे किंवा संध्याकाळचे सत्र, त्यात जास्तीत जास्त तीन सामने, आणि पंचाला दोन्ही सत्रांना बोलावले तर दोन्हींचे पैसे. थांबण्याच्या वेळेला किंमत आली की वेळापत्रक आपोआप नीट आखले जाईल. दर आधी लेखी कळवावा, आदल्या संध्याकाळनंतर सामना रद्द झाल्यास निम्मे मानधन द्यावे आणि पंच मैदान सोडण्याआधी पैसे त्याच्या खात्यात जमा व्हावेत. यूपीआयच्या काळात याला अडचण नसावी.

यातली एकच गोष्ट या हंगामात होणार असेल, तर दुपारी बारा ते चार उघड्या कोर्टवर सामने न ठेवण्याची व्हावी. जिथे कोर्टवर दिवे आहेत तिथे ते सामने संध्याकाळी सरकवता येतात, आणि त्या उन्हात पंचांबरोबर तेरा वर्षांखालची मुलेही धावत असतात.