आईची दाढ आणि ‘ॲड्रेनलिन टाळावे’ची चिठ्ठी

दाढ काढायला अर्धा तास पुरला. त्याआधी फिटनेसची, म्हणजे ‘दात काढायला हरकत नाही’ अशी हार्टच्या डॉक्टरांची चिठ्ठी मिळवताना मात्र जीव मेटाकुटीला आला. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय. घरात बीपीचं किंवा हार्टचं माणूस असेल आणि दात काढायचा असेल, तर जरूर वाचा.

आई सत्तरीची. बीपीच्या गोळ्या सुरू आहेत आणि काही वर्षांपूर्वी हार्टच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसलाय. खालची दाढ पार किडलेली. एक्स-रे झाला, अँटिबायोटिकने सूज उतरली. दातांचे डॉक्टर म्हणाले, “काकूंचं फिटनेस आणा, मग काढू.”

हार्टचे डॉक्टर नागपूरच्या धंतोलीत. संध्याकाळचा नंबर, बसायला जागा नाही, पार्किंग तर विचारूच नका. तासन् तास थांबल्यावर चिठ्ठी मिळाली: ‘दात काढण्यास हरकत नाही. ॲड्रेनलिन टाळावे.’ ॲड्रेनलिन म्हणजे दात बधिर करायच्या इंजेक्शनमध्ये मिसळतात ते औषध. चिठ्ठी घेऊन गेलो तर दातांच्या डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. “एवढ्यावर मी खालच्या दाढेला हात लावणार नाही.” पुन्हा धंतोली. काउंटरवरची मुलगी आत सोडेना. “सरांनी एकदा लिहून दिलं ना मॅडम!” दोन दवाखान्यांत ऑटोने जेमतेम वीस मिनिटांचं अंतर, पण एकाने दुसऱ्याला फोन करायचा नाही. मध्ये आम्ही फायली घेऊन हेलपाटे घालायचे. ज्या पेशंटचं बीपी सांभाळायचंय तिलाच उन्हात फिरवायचं, ही कुठली काळजी? आई तर म्हणायला लागली, “काढून टाक बाप्पा कशीही, दुखलं तर दुखलं.”

“दुखलं तर दुखलं” हेच तिच्या बाबतीत चालणार नव्हतं, हे मला दातांच्या डॉक्टरांना खोदून विचारल्यावर कळलं. लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध रक्तवाहिन्या सैल करतं, त्यामुळे नुसतं टोचलं तर रक्ताबरोबर लवकर वाहून जातं. दाताच्या आतला बधिरपणा मग पाच-दहा मिनिटंच टिकतो. ॲड्रेनलिन त्या जागेच्या रक्तवाहिन्या आकसून धरतं. औषध तिथंच थांबतं, बधिरपणा तासभर टिकतो आणि रक्तही कमी जातं. मध्येच कळ आली, की घाबरलेलं शरीर स्वतःच ॲड्रेनलिन सोडतं, आणि ते इंजेक्शनमधल्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकतं. म्हणजे हार्टसाठी नुसतं ‘टाळावे’ लिहून भागत नाही, किती चालेल ते लिहायला हवं.

त्याचा हिशेब अवघड नाही. हार्टच्या पेशंटला एका वेळी ४० मायक्रोग्रॅमपर्यंत ॲड्रेनलिन, अशी मर्यादा दंतवैद्यकात सर्वसाधारणपणे पाळतात. निरोगी माणसाला २०० पर्यंत. औषधावर ॲड्रेनलिनचं प्रमाण १:८०,००० लिहिलं असेल तर एका मिलीत साडेबारा मायक्रोग्रॅम, आणि १.८ मिलीच्या एका कार्ट्रिजमध्ये (इंजेक्शनच्या औषधाच्या भरलेल्या नळीत) साडेबावीस. १:२,००,००० असेल तर त्याच कार्ट्रिजमध्ये फक्त नऊ.

शेवटी मी दातांच्या डॉक्टरांकडूनच कागदावर प्रश्न लिहून घेतला: ‘२ टक्के लिग्नोकेन, ॲड्रेनलिन १:२,००,०००, जास्तीत जास्त दोन कार्ट्रिज. चालेल का?’ तो कागद पाहून हार्टच्या डॉक्टरांनी मिनिटभरात ‘चालेल, आधी बीपी तपासून’ असं लिहून सही केली. मिनिटभरात! हाच प्रश्न पहिल्या दिवशी कुणी लिहिला असता तर?

दाढ काढायच्या दिवशी बीपी मोजलं, ठीक होतं. १८०/११० च्या वर असतं तर परत पाठवलं असतं. सुई आत गेल्यावर डॉक्टरांनी आधी दट्ट्या किंचित मागे ओढून सिरिंजमध्ये रक्त येतं का ते पाहिलं, मगच औषध अगदी सावकाश सोडलं. थेट रक्तवाहिनीत गेलं की छाती धडधडते, म्हणून ही खबरदारी. आईचा अर्धा ओठ जड झाला, दाढ निघाली, तिला कळलंही नाही. मला इतकं हलकं वाटलं की तिथेच डोळे भरून आले.

आठवेल तसं सांगते. बीपीची सकाळची गोळी घेऊन आणि थोडं खाऊन जा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी असेल तर आवर्जून सांगा, ॲड्रेनलिनबरोबर तिने बीपी चढू शकतं. सल्फाइटची ॲलर्जी असेल तर तेही, कारण ॲड्रेनलिन टिकावं म्हणून ते औषधात घालतात. सूज असताना ‘आत्ताच काढा’ म्हणून हट्ट करू नका, पू झालेल्या जागी इंजेक्शन नीट लागत नाही. ओठ-गाल तीन ते पाच तास बधिर राहतात, तोवर चहा नको. भाजलेलं किंवा चावलेलं कळत नाही.

आईची वरची एक दाढही हलतेय. तिच्यासाठी जुनी चिठ्ठी चालणार नाही, नवीन लागेल. या वेळी प्रश्नाचा कागद आधी लिहून घेणार, मगच धंतोलीत नंबर लावणार.