आमची वाटचाल : माणसाच्या मापाची सायकल

ग्लासगो शहरातील आमची सायकल दुरुस्तीची छोटी कार्यशाळा 2014 साली सुरू झाली. पुण्यात सायकलवरच वाढलेल्या माणसाने स्कॉटलंडमध्ये हाच व्यवसाय का निवडला, असे ग्राहक विचारतात, तेव्हा मी त्यांना स्कॉटलंडचे सायकल शर्यतपटू ग्रॅम ओब्री यांच्या निवृत्तीनंतरच्या आयुष्याबद्दल सांगतो.

ओब्री यांचे विक्रम येथे सर्वांना पाठ आहेत. स्वतःचे सायकलचे दुकान बुडाल्यानंतर, कपडे धुण्याच्या यंत्रातील बेअरिंग वापरून घरी घडवलेल्या सायकलीच्या बळावर त्यांनी जुलै 1993 मध्ये नॉर्वेतील हामार येथे एका तासात 51.596 किलोमीटर अंतर कापले आणि फ्रान्चेस्को मोझेर यांचा नऊ वर्षे टिकलेला विक्रम मोडला. हात छातीखाली दुमडून बसण्याच्या त्यांच्या पद्धतीवर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने 1994 मध्ये बंदी घातली. तेव्हा त्यांनी हात पुढे लांबवण्याची नवी पद्धत शोधून 1995 मध्ये बोगोता येथे पुन्हा जगज्जेतेपद मिळवले, आणि पुढच्याच वर्षी तीही नियमबाह्य ठरली. हा अन्याय होता, असे माझे आजही स्पष्ट मत आहे.

मला मात्र त्यानंतरचे ओब्री अधिक मोठे वाटतात. तीव्र नैराश्याशी दिलेली झुंज त्यांनी 2003 च्या आत्मचरित्रात काहीही न लपवता मांडली आणि 2011 मध्ये आपण समलिंगी असल्याचे जाहीरपणे सांगितले. खेळाच्या जगात असे बोलणे तेव्हा फारच दुर्मिळ होते. पुढे सॉल्टकोट्स येथील घराच्या स्वयंपाकघरात, जुन्या पातेल्याचा पत्राही उपयोगात आणत, पोटावर झोपून आणि डोके पुढे ठेवून चालवायची बंदिस्त सायकल त्यांनी घडवली. सप्टेंबर 2013 मध्ये, वयाच्या 48 व्या वर्षी, त्यांनी ती अमेरिकेतील नेवाडा राज्यात बॅटल माउंटन येथे ताशी 91 किलोमीटरहून अधिक वेगाने चालवली. ताशी 100 मैलांचे मूळ उद्दिष्ट गाठता आले नाही, तरी झोपून चालवण्याच्या त्या प्रकारातला तो विक्रम ठरला.

त्या बातमीने आमच्या कामाची दिशा ठरवली. पंक्चर, ब्रेक आणि चाकांच्या तारा ताणण्याची कामे आजही दुकानाचे भाडे भागवतात, परंतु आमचा जीव रमतो तो अशा माणसांसाठी सायकल बदलून देण्यात, ज्यांना बाजारातील तयार माप सोसत नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या ग्राहकाला आम्ही पेडलचा आखूड दांडा बसवून देतो, म्हणजे गुडघा कमी वाकवावा लागतो; पाठ धरणाऱ्याचे हँडल उंच आणि जवळ आणतो. माप घेताना ग्राहकाला रोलरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या साधनावर, बराच वेळ पेडल मारायला लावतो, कारण उभ्या शरीराचे आणि दमलेल्या शरीराचे माप एक नसते. त्यातील बरेच जण निवृत्त आहेत, काही पूर्वी शर्यतीत उतरत असत, आणि सायकल सोडण्याचा सल्ला ऐकूनच ते आमच्या दारी आलेले असतात.

यंदा शेजारची खोली भाड्याने घेऊन आम्ही तिथे फ्रेम जोडण्याचे काम सुरू केले आहे. पहिली मागणी हात कमजोर झालेल्या एका ग्राहकासाठी तीनचाकीची आहे.