रॅकवरचा तो एक नट: जुन्या गाडीचा पॉवर स्टिअरिंग पाइप बदलताना

पाइप बदलून झाला, गाडी रस्त्यावर आली, स्टिअरिंग पुन्हा एका हाताने फिरतंय. तरीही रॅकवरच्या (स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत पोचवणाऱ्या आडव्या यंत्रणेवरच्या) त्या नटाचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही. इंजिन, सबफ्रेम (इंजिनखालची लोखंडी चौकट) आणि सायलेन्सरचा पाइप यांच्या बेचक्यात, हात जेमतेम शिरेल अशा जागी तो बसवलाय. जुन्या गाडीचा प्रेशर पाइप, म्हणजे पंपाकडून रॅककडे दाबाखालचं ऑइल नेणारा पाइप, स्वतः बदलायला बसलेल्या बहुतेकांचं घोडं इथेच अडणार, म्हणून हे लिहितेय.

आधी गळतीबद्दल. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पंप कण्हायचा आणि डबीतलं ऑइल सारखं खालच्या खुणेच्याही खाली जायचं. थेंब रॅकखाली पडत होते, तेवढं बघून गॅरेजमध्ये लगेच निदान झालं: रॅक गेला, अख्खा बदला. मला ते पटेना. ऑइल कुठूनही गळलं तरी पाइपांवरून ओघळत सगळ्यात खालच्या जागेवरूनच ठिबकतं. शिवाय रॅकची सीलं गेली असती तर दोन्ही टोकांच्या रबरी बुटांमध्ये ऑइल साठलेलं सापडलं असतं. ते बूट आतून कोरडे होते.

मग ती सगळी बाजू डिग्रीझरने धुऊन कोरडी केली, इंजिन चालू केलं आणि भावाला स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं. मी टॉर्च घेऊन बघत होते. प्रेशर पाइपचा रबरी भाग लोखंडी नळीला जिथे दाबून बसवलेला असतो, त्या टोपीच्या कडेला आधी ओलसर रेघ आली. ती हळूहळू फुगली, तिचा लालसर थेंब झाला आणि नळीवरून घसरत खाली गेला. रॅक शाबूत होता! त्या क्षणी झालेला आनंद पुढच्या सगळ्या त्रासाला पुरला.

हे बघताना पाइपला हात लावू नका. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना बऱ्याच गाड्यांत या पाइपात ८० ते १०० बारच्या आसपास दाब असतो. टायरमध्ये असतो दोन-सव्वादोन. बारीक भोकातून उडालेली अशी पिचकारी कातडीच्या आत शिरू शकते. टेप, पुट्टी किंवा वरून आवळलेली क्लिप या बाजूला टिकत नाही तीही याच कारणाने. परतीच्या पाइपाची गोष्ट वेगळी. तिथे दाब कमी असतो, क्लिपने आवळलेला रबरी पाइप चालतो. मात्र तो ऑइलसाठीचाच हवा. रेडिएटरचा किंवा हीटरचा पाइप ऑइलने फुगतो आणि मऊ पडतो.

पंपाकडचं टोक निमूट सुटलं. आता तो नट.

रॅकची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, नट लोखंडाचा. वर्षानुवर्षं पाणी आणि चिखल खाऊन दोन्ही एकमेकांत रुतलेले, कडेने पांढरी भुकटी धरलेली. साधा दुतोंडी पाना लावला तर तो नटाच्या दोनच बाजू पकडतो आणि कोपरे सोलून काढतो. म्हणून मी पहिल्यापासून फ्लेअर नटचा पाना वापरला. रिंग पान्यासारखाच असतो, फक्त नळी आत सरकावी म्हणून एका बाजूने कापलेला. तोही हलेना. गंज सोडवणारा स्प्रे मारला, रात्रभर मुरू दिला, सकाळी पुन्हा मारला. तारेच्या ब्रशने आटे दिसतील तेवढे साफ केले. आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं, असंही करून झालं. ज्योत लावायचा सल्ला मिळाला होता, तो मी साफ धुडकावला. सगळीकडे ऑइल लागलेलं, ते पेट घेतं, आणि शेजारीच रॅकची सीलं.

अखेर नट हलला, पण सोबत नळीही पिळवटायला लागली. नट नळीलाच गंजून चिकटला होता. पाना जेमतेम दहा-पंधरा अंश फिरायचा, मग काढून पुन्हा बसवायचा, तोवर नळी स्प्रिंगसारखी उलटी ओढायची आणि मिळवलेलं सगळं परत जायचं. पाठीखाली फरशी, डोळ्यांत माती, जीव अगदी मेटाकुटीला आला.

उपाय सुचला तो जुन्या नळीकडे बघत पडले असताना. ही नळी तर टाकूनच द्यायची आहे! मग ती नटाच्या मागेच करवतीच्या पात्याने कापून टाकली. आता वरून खोल सॉकेट बसत होतं. सहा कोनी घ्या, बारा कोनी घसरतं. त्याला लांब दांडा आणि मध्ये वळणारा सांधा जोडून जोर जागेच्या बाहेरून लावला. कट् असा आवाज आला आणि नट अखंड फिरला. कापण्याआधी नवा पाइप जुन्याशेजारी ठेवून वाकणं, लांबी आणि दोन्ही टोकं जुळवून घ्या, कारण नंतर परतीची वाट नाही. भोकात लगेच स्वच्छ फडका कोंबा, करवतीचा कीस आत गेला तर खरंच रॅक जाईल.

नवा नट निदान दोन-तीन आटे बोटांनीच फिरवा. अ‍ॅल्युमिनियमचे आटे तिरके कापले गेले की संपलंच. ओ-रिंग (सांध्यातलं गोल रबरी कडं) किंवा वॉशर नवेच टाका. ओ-रिंगचा सांधा असेल तर जास्त आवळून गळती थांबत नाही.

हवा काढताना पुढची चाकं उचलून, गाडी स्टँडवर टेकवून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश दोन्हीकडे फिरवा आणि डबी भरत राहा. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन चालू करा. ऑइल फेसाळ दिसलं तर थांबा, फेस बसू द्या. स्टिअरिंग टोकाला नेऊन धरून ठेवू नका.

ऑइल कोणतं, हे डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात बघा. काही गाड्यांना लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, काहींना हिरवं किंवा कंपनीचं ठरावीक. ब्रेक ऑइल चुकूनही नको, सीलं खराब होतात. आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: काम सुरू करण्यापूर्वी खाली ट्रे ठेवा, बेल्टवर प्लास्टिक बांधा. सायलेन्सरच्या पाइपावर ऑइल सांडलं तर ते पूर्ण पुसल्याशिवाय इंजिन चालू करू नका. नवा पाइपही जुन्याच्याच क्लिपांमध्ये अडकवा, म्हणजे तो गरम सायलेन्सरला टेकणार नाही.