बाकीचे पंधरा मिलिमीटर

नागपंचमी झाली की चतुर्थीपर्यंत माझ्या गॅरेजात माणसाला उभं राहायला जागा नसते. वर्षभर फणसाखाली झाकून ठेवलेल्या गाड्या एकदम बाहेर निघतात आणि प्रत्येकाला आपली गाडी आधी हवी असते. हे सबब म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडं सबब म्हणूनच सांगतोय.

अशाच गर्दीत गुरुजींची मारुती ८०० आली. १९९९ चं मॉडेल, चार वर्षांपूर्वी एका एजंटकडून घेतलेलं. गुरुजी गणित शिकवायचे, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली.

"मागून बसलीय. मुलगा-सून येणार, स्टेशनवर आणायला जायचंय. मागे दोघं बसली की गोळपच्या वळणावर चाक घासतं."

सोबत एक जड खोका. मुलाने मुंबईहून मागवून पाठवलेला. आत मागच्या स्प्रिंगची जोडी, वर लिहिलेलं 'हेवी ड्यूटी'.

"हेच बसवा म्हणालाय."

आमच्याकडे गाडी बसली की लोक म्हणतात शॉकअप गेले. वीस वर्षं सांगतोय, गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही, स्प्रिंग उचलतो. ८०० ला मागे स्प्रिंग वेगळा, शॉकअप वेगळा. शॉकअप काढून ठेवा, गाडी उभी राहील तेवढीच राहील. फक्त खड्ड्यातून गेली की भाट्याच्या खाडीतल्या होडीसारखी डुलत राहील. डुलणं थांबवणं एवढंच शॉकअपचं काम. मागचा कोपरा दाबून सोडा. वर येऊन जागेवर थांबला तर ठीक, आणखी दोनदा झुलला तर शॉकअप मेला. गुरुजींचे दोन्ही मेलेले होते, डावा तर तेलाने ओला. पण गाडी बसली होती ती वेगळ्या कारणाने.

मी टेप लावली, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. डावी बाजू उजवीपेक्षा २२ मिलिमीटर खाली.

स्प्रिंग काढले, घासले आणि नव्या-जुन्यांना जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. जुन्याची तार दहाची, खोक्यातल्याची अकराची. वेटोळी तेवढीच, घेरही तेवढाच. एक मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. मी मोबाइल काढेपर्यंत गुरुजी म्हणाले, "एक पूर्णांक चार सहा चार एक."

म्हणजे ४६ टक्के जास्त कडक. तेही साडेसहाशे किलोच्या आसपासच्या गाडीला, जिच्यात एरवी एकटे गुरुजी बसतात. मागे कोणी नसताना ती रस्त्यावर टप्पे खात गेली असती. शिवाय कडक स्प्रिंग परत उसळतो तोही जोरात, आणि ते आवरायचं बळ ८०० च्या शॉकअपमध्ये नसतं. गाडी उचलण्यासाठी वेटोळ्यांत रबराचे ठोकळे घालणारेही आहेत. ठोकळ्यामुळे तिथलं वेटोळं काम करायचं थांबतं, उरलेल्यांवर ताण येतो आणि एक दिवस स्प्रिंग तुटतो. शंभर-दोनशे रुपयांत गाडी उंच झाल्यावर गिऱ्हाईक खूश होतं, त्यामुळे माझं कोण ऐकणार?

बसलेल्या स्प्रिंगबद्दल आणखी एक गंमत आहे. तो मऊ झालेला नसतो, आखूड झालेला असतो. कडकपणा जवळजवळ तेवढाच राहतो, मोकळी लांबी कमी होते. म्हणून जास्त कडक स्प्रिंग नकोच असतो, मूळ लांबीचा हवा असतो. हे गुरुजींना एका दमात पटलं. खोका बाजूला ठेवला आणि कंपनीचे स्प्रिंग आणि नवे शॉकअप मागवले.

मग त्यांना दाखवावं म्हणून जुने दोन्ही स्प्रिंग कडाप्प्यावर शेजारी उभे केले. डावा सहा मिलिमीटर आखूड. चाकाशी फार तर सात धरा.

गुरुजी चष्मा वर करून बघत होते. "बावीसातले सात. मग बाकीचे पंधरा?"

"जोडांतले रबरी बुश मेलेत, रबरं दबलीत. त्यात जातात," मी म्हणालो.

पंधरा मिलिमीटर रबरात जात नाहीत. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण बाहेर पाच गाड्या उभ्या होत्या.

पुढचं काम मात्र नीट केलं. नवा शॉकअप खोक्यात आडवा पडून आलेला असतो, आत हवा चुकीच्या जागी गेलेली असते. तो उभा धरून चारपाच वेळा पूर्ण दाबायचा आणि ओढायचा, मगच बसवायचा. दांडा पकडीने धरायचा नाही. एक ओरखडा पडला की सील फाटतं आणि महिन्यात तेल बाहेर. खालच्या बुशाचा नट गाडी जॅकवर असताना आवळायचा नाही, चाकं जमिनीवर टेकल्यावर आवळायचा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं. किती गॅरेजांत हे करतात, ते जाऊ दे. गाडी दोन्हीकडून वर आली, चाक घासायचं थांबलं, गुरुजी हसत गेले. टेप मी परत लावली नाही.

सहाव्या दिवशी पावसात फोन आला. गतिरोधकावर मागून 'कड्' असा आवाज आला आणि डावं चाक मडगार्डात शिरलं. टो करून आणली, जॅकवर घेतली.

स्प्रिंग शाबूत, शॉकअप शाबूत. स्प्रिंगचं वरचं टोक जिथे बॉडीला टेकतं, ती वाटी वर सरकली होती. खालून बघितलं तर अंडरकोटिंगचा काळा लेप छान तुकतुकीत. एजंटने विकताना मारलेला. पेचकस टेकवला आणि जरा दाबला, तो मुठीपर्यंत आत गेला. आत पत्रा नव्हताच, पापडासारखे थर होते.

इतका गंज नुसत्या खाऱ्या वाऱ्याने येत नाही. मी डिकीतलं मॅट उचललं, त्याखालचा फेल्ट ओढला. फेल्ट ओला होता आणि त्याला चांदीसारखं काहीतरी चिकटलेलं होतं. नखाने काढून बघितलं. खवले. पेडव्याचे असतील. गुरुजींच्या घरात मासे येत नाहीत. म्हणजे आधीचा मालक डिकीतून बर्फातली मासळी वाहायचा, आणि ते खारं पाणी वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात मुरत होतं. ती वाटी थोडी थोडी वर चढत होती. बाकीचे पंधरा मिलिमीटर तिथे होते. नव्या स्प्रिंगने नुसता शेवटचा धक्का दिला.

गुरुजींना बोलावून दाखवलं. त्यांनी खवला बोटावर घेतला, बराच वेळ बघितला. "उत्तर आलं म्हणायचं," एवढंच बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं.

रागावला तो मुलगा. फोनवर म्हणाला, "मी पाठवलेले हेवी ड्यूटी घातले असते तर हे झालंच नसतं." उलट आहे ते. उभ्या गाडीचं वजन दोन्हींवर सारखंच, पण खड्ड्यातला तडाखा कडक स्प्रिंग बॉडीला जास्त जोरात देतो. ती वाटी सहा दिवसही टिकली नसती. हे मी सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. स्प्रिंग निवडण्यात मी बरोबर होतो हे त्याला पटवून काय करायचं होतं?

आता गाडी पत्रेवाल्याकडे आहे. तो म्हणतो ठिगळ मारू. मी म्हटलं, पातळ पत्र्याचं ठिगळ चालणार नाही, चांगला पत्रा दिसेपर्यंत कापायचं आणि जाड वाटी वेल्ड करायची. माझी मजुरी घेणार नाही, पण पत्रेवाल्याला पैसे द्यावेच लागतील. गुरुजी मुलाला आणायला रिक्षा करणार आहेत. मुंबई-गोव्याच्या रस्त्याचं काम माझं पोरगं बालवाडीत असल्यापासून चाललंय, ते आता बारावी करून बसलं, म्हणून मुलगा-सून रेल्वेनेच येतायत.

काल संध्याकाळी पत्रेवाल्याकडे जाऊन आलो. डावी बाजू कापून उघडी केलेली. सहज म्हणून उजव्या वाटीवर हातोडी मारली. चांगला पत्रा ठण् वाजतो. हा तसा वाजला नाही. पेचकस खिशात होता, पण लावला नाही.

चतुर्थी परवा आहे. गुरुजींना अजून सांगितलेलं नाही.