एवढं फिरून तुला मिळतं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तुम्ही म्हणजे कोणी एक नाही हं, ऑफिसातले विचारतात, मामी विचारते, स्थळ घेऊन आलेल्या एक काकू पोहे खाता खाता विचारून गेल्या, आणि शेजारचे आजोबा तर मी चिपळूणला घरी आले की गेटपाशी उभे राहून ठरलेलं एकच वाक्य टाकतात, पगार सगळा तिकिटांत घालतेस बाय, एवढं फिरून तुला मिळतं काय?

मी आजवर हसून वेळ मारून नेलीय. कारण खरं उत्तर जरा लांबड आहे, त्यात माझाच पचका आहे, आणि शेवट आमच्या घरातच येऊन होतो. पण आता सांगतेच.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मेघालयला गेले. एकटी. घरी दोन दिवस महाभारत झालं ते सोडा. गुवाहाटीहून शिलाँग शंभरेक किलोमीटर, शेअर सुमो मिळते, मागच्या सीटवर तीन माणसं आणि एक कोंबड्यांची टोपली, आणि शेजारी एक खासी बाई (खासी म्हणजे तिथली एक जमात), हातात छोटी पिशवी. तासाभराने तिने पिशवीतून पान काढलं, त्याला चुना लावलेला होताच, सुपारीची एक फोड आणि ते पान माझ्यापुढे धरलं. याला क्वाई म्हणतात. म्हटलं आपण कोकणातले, परसात पोफळी, आत्याची पानाची चंची बघत मोठी झालेली पोरगी, आपल्याला काय शिकवताय! घातलं तोंडात. दोन मिनिटांत कान गरम, कपाळावर घाम, डोळ्यांसमोर सुमोचं टप फिरायला लागलं. सुपारी लागणं म्हणजे काय ते मला खासी डोंगरात कळलं. तिथली सुपारी ओली असते, आपल्या रोठ्यासारखी खडखडीत वाळवलेली नाही, आणि ती थंडीत अंगात ऊब आणते म्हणून खातात. बाई हसली, पाणी दिलं, आणि माझी पाठ चोळत बसली. नाव विचारलं तर म्हणाली, काँग म्हण. काँग म्हणजे ताई, तिथे कुठल्याही मोठ्या बाईला तेच म्हणतात, पुरुषाला बाह.

ही काँग मला पुढे तिच्या घरी घेऊन गेली, चार दिवस मी तिच्याकडेच राहिले. पैसे घेतले तिने, रीतसर, होमस्टे होता तो. उगाच कोणी परक्या माणसाला फुकट घरात घेतं अशी गोष्ट सांगणार नाही.

पहिले दोन दिवस मी नुसती हरखून होते, आणि कशाने तर जिकडे बघावं तिकडे आपलंच दिसत होतं. शेतातल्या बायका पाठीवर बांबूचं एक मोठ्ठं टोपडं घेऊन वाकलेल्या, पावसात दोन्ही हात मोकळे, त्याला क्नुप म्हणतात, आणि मी ओरडलेच, अगं हे तर इरलं! आज्जीचं होतं, लावणीचं. जेवायला तुंगताप, म्हणजे सुक्या माशाची चटणी, वास आला आणि डोळ्यांत पाणी आलं, सुकट! (पुण्यातल्या आमच्या घरमालकीणबाईंनी भाड्याच्या करारात मासे शिजवायचे नाहीत असं लिहून घेतलंय, म्हणून माझं जरा जास्तच होतं.) डुकराचं मटण मी खात नाही, तेवढं पहिल्याच दिवशी सांगितलं, तिने जादोह नावाचा भात माझ्यासाठी वेगळा कोंबडी घालून केला, विषय संपला. लोक उगाच फार बाऊ करतात याचा, नम्रपणे नाही म्हटलं की कोणाला राग येत नाही, नाक मुरडलं की येतो.

म्हातारं माणूस गेलं की खासी लोक म्हणतात, देवाच्या घरी क्वाई खायला गेलं. आपण देवाघरी गेले म्हणतो, यांच्याकडे तिथे पानसुपारीची सोयपण आहे. आणि पूर्वी म्हणे अंतरही क्वाईत मोजायचे, अमुक गाव किती लांब, तर दोन क्वाई खाऊन होतील एवढं. मी हे सगळं वहीत लिहीत होते आणि दर ओळीखाली लिहीत होते, अगदी आपल्यासारखंच.

मग तिसऱ्या दिवशी मॉफलांगला गेले. शिलाँगपासून पंचवीसेक किलोमीटरवर देवराई आहे, फार जुनी, बाहेर नुसती गवताची माळरानं आणि मधेच हा काळोखा हिरवा पट्टा, आत शिरलं की एकदम गारठा, बुंध्यांवर शेवाळ, उभे दगड पुरलेले. गावचाच एक मुलगा गाइड म्हणून सोबत असतो. त्याने आत जायच्या आधी सांगितलं, इथलं काही बाहेर न्यायचं नाही, पानसुद्धा. राखणारा देव आहे, लबासा, तो प्रसन्न असला तर बिबट्याच्या रूपात दिसतो. मी मान डोलावली. आमच्याकडे पण राखणदार आहे रे बाबा, मला काय सांगतोस.

आणि बाहेर पडताना माझ्या मुठीत एक बी होती. तपकिरी, गुळगुळीत, चिंचोक्यापेक्षा मोठी, खाली पडलेली. कधी उचलली मलाच आठवत नाही, बोटांनी कुरवाळत चालले होते. त्या पोराने ना आवाज चढवला ना काही, फक्त माझ्या मुठीकडे बघितलं आणि म्हणाला, दीदी, वापस रख दो. 

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण मला माहीत नव्हतं असं नाहीच ना! आमच्या गावच्या राईतून वाळली काटकी आणली म्हणून आज्जीने मला सात वर्षांची असताना संध्याकाळी परत पाठवलं होतं, काटकी ठेवून ये, हात जोड, मग घरात पाय टाक. आमच्याकडे राईतलं झाड तोडायचं तर देवाला कौल लावतात. तोच नियम. पण मी तिथे टुरिस्ट होते, आणि टुरिस्टचा हात आपोआप उचलतो, काहीतरी घरी न्यायला पाहिजे म्हणून. मागे वळून गेले, जिथून उचलली असेल असं वाटलं तिथे ठेवली, आणि हो, हात जोडले.

त्या रात्री वहीत आपल्यासारखंच लिहायला लाज वाटली. हे आपल्यासारखंच म्हणणं फार सोपं असतं, त्यात आपल्याला बदलायला लागत नाही काही.

खरी गंमत चौथ्या संध्याकाळी झाली. चुलीपाशी बसलो होतो, बाहेर पाऊस, ऑक्टोबर असूनही पाऊस, अर्थात मॉसिनराम त्याच डोंगरांत आहे जिथे वर्षाची सरासरी 11,800 मिलिमीटरच्या वर जाते, तिथे चिपळूणवालीने पावसाच्या गप्पा मारू नयेत. काँगची धाकटी मुलगी अभ्यास करत होती. मला रील्समुळे माहीत होतं की खासी लोकांत बायकांचं राज्य असतं, तर मी म्हटलं, किती छान, तुमच्याकडे बायकांचंच चालतं. काँग इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, राज्य कसलं, आमच्या गावच्या दरबारात, म्हणजे गावसभेत, पिढ्यान् पिढ्या पुरुषच बसत आले, आणि घरातला मोठा निर्णय असला की माझा भाऊ, म्हणजे पोरांचा मामा, त्याला विचारल्याशिवाय हलत नाही. कूळ आईकडून चालतं, आडनाव आईचं लागतं, आणि वडिलोपार्जित घर सगळ्यात धाकट्या मुलीकडे जातं, तिला खाद्दुह म्हणतात. पण घर मिळतं म्हणजे आईबापांचं म्हातारपण, बिनलग्नाची मावशी, भावाचं बिघडलं तर तो, सगळं तिच्याच गळ्यात. विकायचं म्हटलं तर एकटीने विकताही येत नाही. मग अभ्यास करणाऱ्या पोरीकडे हनुवटीने दाखवून म्हणाली, हिला बाहेर शिकायला जायचंय, आणि हीच धाकटी आहे.

मी मूर्खासारखं विचारलं, मग भावांना काय मिळतं?

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं आणि साध्या आवाजात म्हणाली, तुमच्याकडे बहिणींना काय मिळतं?

मी म्हटलं, कायदा आहे, 2005 पासून मुलींना वडिलोपार्जितात मुलांइतकाच हिस्सा आहे. ती म्हणाली, कायदा नाही विचारला. तुझ्या घरी काय मिळालं?

तर माझ्या घरी असं, की बाबांना एक बहीण, माझी आत्या. आजोबा गेल्यावर वर्षभराने तिला दुपारच्या एसटीने बोलावून घेतलं, हक्कसोडपत्रावर सही घेतली, सातबाऱ्यावरून तिचं नाव गेलं, संध्याकाळी पुरणपोळी झाली, आणि जाताना तिला साडी नेसवली. मी तेव्हा कॉलेजात होते. आत्याला सोडायला स्टँडवर मीच गेले होते आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं, सगळ्याच आत्या करतात. हे मी तोडक्यामोडक्या हिंदीत काँगला सांगत होते आणि सांगता सांगताच मला ते पहिल्यांदा ऐकू येत होतं. काँग बरं वाईट काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, साडी चांगली होती?

नंतर नोंगरियाटला जाऊन मुळांचा दुमजली पूलपण बघितला, 3000 च्या वर पायऱ्या, रबराच्या झाडाची जिवंत मुळं वर्षानुवर्षं ओढ्यावरून वळवत वळवत वाढवलेला पूल, फोटो सगळ्यांनी बघितलेत माझे, त्यावर नाही लिहीत. खरं सांगायचं तर पुलावर उभी असतानाही डोक्यात साडीच होती, आंबा कलरची, जरीचे काठ.

त्या वर्षी गणपती होऊन गेलेले, म्हणून पुढच्या गणपतीपर्यंत थांबले. गौरीच्या दिवशी आत्या आली, मागच्या पडवीत चंची सोडून बसली, अडकित्त्याने सुपारी कातरत होती, तेव्हा विचारलं. आत्या, ती सही केलीस तेव्हा काय वाटलं तुला?

अडकित्ता थांबला. म्हणाली, माहेर तुटू नये म्हणून केली गो. मग म्हणाली, मला हे कोणी विचारलं नव्हतं, तुझ्या काकांनी पण नाही.

आतून बाबांनी हाक मारली, आरतीची वेळ झाली होती. बाबांशी यावर माझं बोलणं चालू आहे, सध्या ते त्यात काय एवढं यावर आहेत, त्याचं काय होतंय ते नंतर बघू.

आत्याला त्या रात्री सगळं सांगितलं, बी उचलल्याचं पण. तिला त्यातलं क्वाईचंच जास्त आवडलं, ओल्या सुपारीने घाम फुटतो हे तिला पटेचना. तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर म्हणाली, जायला किती पडतात गो तिथे?

सध्या मी तिकिटं बघतेय. तिचे गुडघे बघता नोंगरियाट जमणार नाही, मॉफलांग जमेल. सुपारी ती घरची घेऊन येणार आहे, म्हणते काँगला लागते का बघू.