पागोळीखालची बादली

बाहेर धो धो पाऊस आणि ग्रिलच्या आत तुळस माना टाकून बसलेली. पुण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर हे दर आषाढात घडतं. वर स्लॅब, त्यामुळे पाऊस हातभर अंतरावरून जातो, कुंडीत काही येत नाही. मग भर पावसात नळाखाली तांब्या धरायचा! याची लाज वाटली, तेव्हा खिडकीवरच्या पत्र्याच्या पागोळीखाली ग्रिलमध्ये बादली ठेवली.

पहिल्या पावसाचं पाणी ओतून द्यायचं, असं आईने बजावलं होतं. मी हावरटासारखं धरलंच. चहाच्या रंगाचं पाणी आणि वर तरंगणारं कबुतराचं पीस. ओतलं मुकाट्याने.

हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटर पत्र्यावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आमचा पत्रा जेमतेम २ चौरस मीटर, म्हणजे १० मिलिमीटरला २० लिटर. प्रत्यक्षात बादली निम्मीच भरते. उरलेलं वारा नेतो आणि खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर टाकतो. त्यावरून जिन्यात एकदा बोलणं झालंय. एका सकाळी तर बादलीत चक्क फेस! वरच्या काकूंनी गॅलरी धुतली होती.

बादलीच्या तोंडाला आईच्या जुन्या सुती पातळाचा तुकडा बांधलाय. डेंगीच्या डासाला असलं साठलेलं स्वच्छ पाणीच आवडतं, आणि अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून चार दिवसांत बादली रिकामी करायचीच. उन्हाळ्यासाठी साठवण वगैरे आपल्या गॅलरीचं काम नव्हे. मधे चार दिवस उघडीप पडली, की तेवढ्यापुरती सोय.

पण मोगऱ्याला फरक कळला. बोअरच्या पाण्याने कुंडीच्या काठावर क्षारांचा पांढरा थर चढायचा, पानं पुसली तरी ठिपके राहायचे. आता नवी पानं हिरवीगार येतायत. काठावरचा जुना थर मात्र घासूनही जात नाही.

नवरा आधी हसायचा. हल्ली सकाळी खडकवासल्याचा साठा वाचून झाला की गॅलरीत डोकावतो.

“अगं, नव्वद टक्के भरलं. विसर्ग सुरू करू का?”

“कर. पण तुळशीला बेताने.”